नागपूर–मुंबई, म्हणे दीड तास

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. आभाळात मोकळी वाट मिळाली तर विमान ते तासाभरात कापतं. तिकिटावर मात्र दीड तास किंवा थोडा जास्तच वेळ छापलेला असतो. नागपूरला विमान जागेवरून हललं, की मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतचा तो हिशेब. पट्ट्यावर बॅग येण्याचा वेळ त्यात धरलेला नसतो.

आईला लंडनला बहिणीकडे घेऊन निघाले, तेव्हा एजंटने दोन कंपन्यांची स्वतंत्र तिकिटं काढून दिली होती. मध्ये चार तासांची मोकळीक. “भरपूर झाले ताई,” तो म्हणाला, आणि कागदावर ते भरपूरच दिसत होते. पावसाळ्याचे दिवस. नागपूरहूनच विमान उशिरा सुटलं आणि मुंबईवर येऊन घिरट्या घालू लागलं. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच चालते, आणि पाऊस जोरात असला की उतरणाऱ्यांची रांग लांबत जाते. आम्ही उतरलो टर्मिनल १ वर, लंडनचं विमान टर्मिनल २ वरून. धावपट्ट्या त्याच, पण प्रवाशाला बाहेर पडून सांताक्रूझहून सहारला जावं लागतं. रस्त्याने गेलं, तर संध्याकाळच्या गर्दीत त्या चार-पाच किलोमीटरना किती वेळ लागेल, याचा नेम नाही. आम्ही पोचलो तेव्हा विमान अजून उभं होतं, काउंटर मात्र बंद झाला होता. गुडघ्यांनी बेजार झालेली आई ट्रॉलीचा आधार घेऊन उभी. मला तिच्याकडे बघवेना. नवी तिकिटं पूर्ण पैसे मोजून घ्यावी लागली. पहिल्या कंपनीच्या उशिराशी दुसरीला काही देणंघेणं नव्हतं.

म्हणून विदर्भातून परदेशी निघणाऱ्यांना, त्यातही म्हाताऱ्या आईवडिलांना सोबत नेणाऱ्यांना, कळकळीने सांगते: दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. चार पैसे जास्त पडले तरी घ्या. पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय बघणं मग कंपनीकडे येतं. स्वतंत्र तिकिटंच परवडत असतील तर आदल्या दिवशी मुंबई गाठा. रात्रीची दुरांतो सकाळी सीएसएमटीला आणून सोडते. समृद्धी महामार्गही आता ७०१ किलोमीटर पूर्ण खुला आहे, पण तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो. पुढची मुंबईची गर्दी वेगळी धरा.

वेळ मोजायची ती उलटी. आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तिथून मागे या. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही उड्डाणं सुरू झाली आहेत, त्यामुळे तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून थांबू नका. सहार-सांताक्रूझचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. उतरायचं एकीकडे आणि चढायचं दुसरीकडे असेल, तर मध्ये अख्खी खाडी आहे.

पुढचा मुंबई–लंडन टप्पा सुमारे ७,२०० किलोमीटरचा. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून तासभर कमी. पोचण्याची वेळ तिथल्या घड्याळाची असते, न्यायला येणाऱ्यांना तीच कळवा. आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, दोन्ही विमानांसाठी वेगवेगळी. पहिल्या कंपनीचा मदतनीस आपल्या टर्मिनलच्या दारापर्यंतच येतो.