पगाराचा आकडा आणि मुलाचा स्वभाव

पालकहो, दहावीचा निकाल लागला की ठाण्यात किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगरच्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : ‘सध्या कशाला स्कोप आहे?’ घराचा हप्ता, क्लासची फी, उद्याचं म्हातारपण, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे तुम्ही हे विचारणारच. पण या प्रश्नात आपलं मूल कुठेच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या वागळे इस्टेटकडेच बघा. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची ही पहिली औद्योगिक वसाहत. मोठे कारखाने गेले, त्यांच्या जागी काचेचे आयटी पार्क आले. तरी त्यांच्या पाठीमागे छोटे गाळे अजून चालू आहेत. अशा एका गाळ्यात आयटीआय केलेला एक मुलगा लेथवर असतो. चकमध्ये जॉब बांधतो, कट घेतो, मशीन थांबवून मायक्रोमीटर लावतो, पुन्हा किंचित कट. तासन्‌तास कुणाशी बोलावं लागत नाही आणि त्याला तेच हवं असतं. शाळेत मात्र ‘हा कुणात मिसळत नाही’ म्हणून त्याच्या आईला बोलावणं यायचं. धाकटी बहीण जवळच्याच इमारतीत कस्टमर केअरला आहे. दिवसभर तापलेल्या ग्राहकांची समजूत घालूनही संध्याकाळी ती टवटवीत घरी येते. या दोघांच्या जागा बदलल्या तर दोघंही वर्षभर टिकायचे नाहीत.

पगार मोठा असला की माणूस खूश राहतो, असं आपण धरून चालतो. संशोधक टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये या विषयावरचे कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पगार आणि कामातलं समाधान यांचा संबंध अगदी क्षीण निघाला. पैसा लागतोच; गाळ्यातला सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, हेही खरं. पण आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून पुढे इंजिनिअरिंगलाही. तेव्हा पहिल्या पगारावरून आयुष्याचा हिशोब मांडू नका. त्यापेक्षा मुलाचा स्वभाव बघा : अभ्यासिकेत असो वा मशीनवर, हातात घेतलेलं काम नीट तडीस नेण्याचा स्वभाव जवळजवळ प्रत्येक व्यवसायात उपयोगी पडतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

स्वभावाची आणखी एक बाजू आहे आणि मला खरी काळजी तिची वाटते. याच जज यांच्या २०१२च्या अमेरिकेतल्या अभ्यासात, सगळ्यांशी जुळवून घेणारी मवाळ माणसं कमी कमावताना दिसली. पुरुषांत तर हा फरक अधिकच. आणि आपण घरी काय शिकवतो? ‘मोठ्यांपुढे तोंड उघडू नको, मिळतंय ते घे.’ लेथवरचा तो मुलगा सेटिंग शिकला, नवीन पोरांना शिकवू लागला, तरी पगार होता तिथेच, कारण त्याने मागितलाच नाही. शेवटी त्याच्या वडिलांनी त्याला रात्री जेवणानंतर समोर बसवलं. ‘कुठली मशीन एकटा सेट करतोस? रिजेक्शन किती कमी झालं? कागदावर लिही. आता मी शेठ, मला सांग.’ पोरगा पहिल्यांदा अडखळला, दुसऱ्यांदा नीट बोलला. अबोल मुलाला बडबड्या करायची गरज नव्हती; कागद हातात असला की चार वाक्यं पुरतात.

मुलींना तर हे आणखी लवकर शिकवा. ‘घरचं भागतंय ना, मग पगारासाठी कशाला बोलतेस?’ असं तिला म्हणू नका. ऑफर लेटर आलं की तिच्याबरोबर बसून वाचा : हातात किती पडणार, पीएफ किती कापणार, रात्रपाळीला गाडी आहे का, वाढ कधी आणि कशावर ठरणार. जे लिहिलेलं नसेल, ते सही करण्याआधी तिनेच विचारायचं. तुम्ही फक्त शेजारी बसा.