खोल समुद्रातील वाहनरचना: शिक्षण आणि जोखीम

समुद्रतळावरील खनिजे उपसणाऱ्या वाहनांपुढील सर्वांत मोठी अडचण पाण्याच्या दाबाची असावी, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु ५,००० मीटर खोलीवर वातावरणाच्या सुमारे पाचशे पट दाब असला, तरी मोटारी तेलाने भरलेल्या पेटीत ठेवून तेलाचा दाब बाहेरच्या पाण्याइतका राखण्याची पद्धत आता रुळलेली आहे. अधिक चिवट प्रश्न चाकाखालच्या जमिनीचा आहे. पाण्यात पोलादाचे वजन सुमारे एक-अष्टमांशाने घटते, त्यामुळे चाकाची पकड सैल होते आणि खडक कापताना उलट दिशेने बसणारा रेटा वाहनालाच मागे ढकलू लागतो.

मध्य हिंदी महासागरात भारताकडे शोधकार्यासाठी असलेल्या ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात धातूंचे गोळे मऊ चिखलावर विखुरलेले आहेत. तेथे भार पसरवणारे साखळीपट्टेच सोयीचे ठरतात, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिलेले ‘वराह’ याच जातीचे आहे. सागरी पर्वतांवरील कोबाल्टयुक्त थर मात्र खडबडीत खडकाला चिकटलेले असतात. तेथे पट्टा मोजक्या उंचवट्यांवरच टेकतो, तर स्वतंत्र मोटार आणि हलती भुजा असलेले प्रत्येक चाक आपापली जागा शोधू शकते. माती आणि वाहन यांच्या अशा परस्परसंबंधाचा अभ्यास करणाऱ्या शाखेला टेरामेकॅनिक्स म्हणतात.

या वाहनांच्या रचनेचे शिक्षण घेतल्यास नोकरी मिळेल का, हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. खोल समुद्रात व्यापारी उत्खनन अद्याप सुरू झालेले नाही, पर्यावरणाच्या कारणाने अनेक देश स्थगितीची मागणी करीत आहेत, आणि पापुआ न्यू गिनीसाठी यंत्रे बांधून घेतलेली नॉटिलस मिनरल्स ही कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणून पदवी मेकॅनिकलची घेणे आणि समुद्र हा विषय पदव्युत्तर टप्प्यासाठी राखणे शहाणपणाचे आहे. चाक व माती यांचे तेच गणित ट्रॅक्टर, खाणयंत्रे आणि लष्करी वाहने यांनाही लागते. बारावीनंतर थेट या क्षेत्राकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठी आयआयटी मद्रास व खरगपूर येथे नौकारचना व सागरी अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम आहेत, मात्र त्यांना जेईई अॅडव्हान्स्डची चाळणी आहे.

महाविद्यालयीन प्रकल्पासाठी समुद्र गाठण्याची गरज नाही: बेंटोनाइट मातीच्या ओल्या चिखलाने भरलेल्या टाकीत एकच चाक फिरवून ते किती रुतते, किती घसरते आणि किती ओढ देते हे मोजता येते, आणि ही मोजमापे करून पाहिलेला विद्यार्थी एम.टेक.च्या मुलाखतीत विषयावर नेमकेपणाने बोलू शकतो.