चौकटीबाहेरची नजर

चित्रपट पाहताना प्रेक्षकाला पडद्यावरची एक चौकट दिसते. त्या चौकटीच्या बाहेर पडकी विहीर होती, की विजेची उघडी तार लोंबत होती, हे त्याला कळत नाही. आश्चर्य असे की, चित्रण करणाऱ्यालाही ते पुष्कळदा दिसत नाही. कारण त्याचाही डोळा त्याच चौकटीत गुंतलेला असतो.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचे काम मुंबईस दादर येथे हाती घेतले, तेव्हा त्यांची मंडळी अगदी लहान होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सर्वांचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही करीत. बाहेरच्या देखाव्यांसाठी ही मंडळी कल्याण-कर्जत मार्गावरील वांगणी गावी गेली. तेथली हकीकत अशी सांगतात की, तलवारी व भाले घेतलेली ही अनोळखी माणसे पाहून गावकऱ्यांना ती दरोडेखोर वाटली. वर्दी फौजदारापर्यंत गेली आणि सारी मंडळी कोठडीत पडली! दादासाहेब मागाहून येऊन पोहोचले. त्यांनी सर्व साहित्य दाखवून फौजदाराची खात्री पटविली, तेव्हा कोठे सुटका झाली. आज या प्रसंगाचे हसू येते. परंतु भ्यालेल्या गावाने फौजदाराची वाट न पाहता काठ्या उचलल्या असत्या, तर?

याच चित्रणात रोहिदासाची भूमिका दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र करीत होता. खेळता खेळता तो खडकावर पडला. डोक्यातून रक्त वाहू लागले व तो बेशुद्ध झाला. दादासाहेबांनी जवळच्या औषधांनी प्रथमोपचार केले. काही जणांनी काम थांबविण्याचे सुचविले. पण वेळ थोडा होता आणि प्रसंग मृत रोहिदासाचाच घ्यावयाचा होता. दादासाहेबांनी बेशुद्ध मुलाला घेऊनच तो पुरा केला, असे म्हणतात. ही कथा बहुधा त्यांच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि ती जिद्द मोठी होतीच. तथापि डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्या माणसाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे लागते; वरून जखम लहान दिसली, तरी आत रक्तस्राव होत असू शकतो. तेव्हा 'थांबा' म्हणणाऱ्यांचे म्हणणेच बरोबर होते. ३ मे १९१३ रोजी चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला व गाजला. त्या सावध माणसांची आठवण मात्र मागे पडली.

आज चार-पाच जणांची मंडळीही चित्रपट काढू शकते. अशी शहाणी मंडळी आधी एक फेरी जागा पाहण्यासाठीच मारते. गावच्या पोलीस पाटलाला व पोलीस ठाण्याला कळविले जाते. तलवारी लाकडी असतात, आणि त्याही प्रसंग संपताच मोजून पेटीत जातात. दिव्यांच्या तिवईच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवतात, कारण वाऱ्याने कलंडलेला तापलेला दिवा गवत पेटवू शकतो. जवळचा दवाखाना कोठे आहे आणि तेथवर न्यावयास कोणते वाहन उभे आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

खरा कठीण प्रसंग निराळाच असतो. नट पुढे चालत येतो व कॅमेरा धरलेला मनुष्य त्याच्याकडे पाहत उलट्या पावलांनी मागे सरकतो. मागे दगड आहे की पायरी, त्याला काय ठाऊक! म्हणून एक सहायक त्याच्या पाठीला हात लावून बरोबर चालतो. त्याने नटाकडे पाहावयाचे नाही, अभिनयाकडे नाही. केवळ जमिनीकडे पाहावयाचे. पाऊल चुकते आहे असे दिसताच तो मोठ्याने 'थांबा' म्हणतो, आणि दिग्दर्शकासह सारे जण थांबतात. तेवढ्यात सूर्य मावळून त्या दिवसाचे काम राहिले, तरी त्याला कोणी बोल लावीत नाही.