तांबड्या रसाचे द्राक्ष : ए. आर. आय. ५१६ व त्यास साजेसे अन्न

मावळ हा मुख्यत्वे भाताचा मुलूख होय. नवलाख उंबरे परिसरात द्राक्षाचा विचार करावयाचा, तर पावसाळ्यातील दमट हवा ही पहिली अडचण ठरते. अशा हवेत केवडा व करपा हे रोग बळावतात. म्हणून पुण्यातच सिद्ध झालेल्या 'ए. आर. आय. ५१६' या वाणाची माहिती शेतकरी बंधूंनी करून घेणे अगत्याचे आहे.

वाणाची ओळख : महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकन कुळातील कॅटॉबा व युरोपीय कुळातील ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून हा वाण तयार केला. तो बुरशीजन्य रोगांस प्रतिकारक आहे. मात्र प्रतिकारक म्हणजे रोगमुक्त नव्हे. फळछाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत घड पक्व होतात. मण्यांत बी असल्याने खाण्याच्या द्राक्षापेक्षा रस, जॅम व तांबडी वाइन यांसाठीच तो अधिक योग्य होय.

घरगुती रस : रंग सालीत असतो. याकरिता मणी कुस्करून सालीसह मंद आचेवर कोमट करावे व फडक्यातून गाळावे. नंतर रस उकळू न देता ८० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, उकळलेल्या गरम बाटल्यांत भरून लगेच बूच लावावे.

कशाबरोबर घ्यावा : गोड-आंबट रस खारे शेंगदाणे, थालीपीठ व लोणी यांबरोबर रुचतो. दुधात मिसळू नये. आंबटपणामुळे दूध फाटते. तांबड्या वाइनचा तुरटपणा स्निग्ध अन्नाने सौम्य होतो, म्हणून ती कमी तिखटाच्या मटणाशी जुळते. झणझणीत रश्श्याबरोबर तिखटाची आग वाढते, तर मासळीबरोबर तोंडास धातूसारखी चव येते. वाइन तयार करण्यास मात्र शासनाचा परवाना लागतो. परवान्यावाचून ती करणे गुन्हा आहे.

लागवडीपूर्वी : पाणी साचणाऱ्या भातखाचरात वेल लावू नयेत, निचऱ्याची जमीन निवडावी. मांडवाचा खर्च मोठा असतो आणि रसाचे द्राक्ष घेणारे गिऱ्हाईक गावोगाव नसते. कर्ज काढून मांडव उभारला आणि घड वेलीवरच राहिले, तर भाताचे उत्पन्नही त्या फेडीत जाईल. यास्तव प्रथम खरेदीदार निश्चित करावा, थोडे वेल लावून एक पावसाळा पाहावा, आणि मगच क्षेत्र वाढवावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा क्रम शेतकऱ्यांस आवर्जून समजावून द्यावा.