बॉल पायथनची मादी जोडीसाठी केव्हा तयार होते?

प्रश्न : माझ्याकडे बॉल पायथनची मादी आहे. वय दोन वर्षे, वजन १,३५० ग्रॅम. या हिवाळ्यात तिला नरासोबत सोडू का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : यंदा थांबा. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या या अजगराची मादी साधारण तीन वर्षांची आणि किमान १,५०० ग्रॅमची झाल्यावरच जोडीला लावावी. मात्र काट्यावरचा आकडा एकटा पुरेसा नाही. भराभर उंदीर चारून वजन चढवले, तर चरबी वाढते, ताकद नाही. अंग भरीव असावे, पण थुलथुलीत नको. खाणे आणि कात टाकणे नियमित हवे. श्वसनाचा आजार किंवा अंगावर माइट्स असतील, तर आधी उपचार.

खात्रीसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडून सोनोग्राफी करून घ्या. वाढणारे बीजकोश त्यात दिसतात. अंडी धरल्यापासून उबवेपर्यंत मादी बऱ्याचदा खाणे सोडते आणि तिचे वजन बरेच घटते. ते सोसण्याइतका साठा अंगात हवा. अंडी घातल्यावर वजन भरून आले नाही, तर पुढचा हंगामही सोडा. वर्षभर उशिराने काही बिघडत नाही. घाईत मात्र अंडे अडकून मादी दगावू शकते.