संगणकातली अक्षरे

आमचे आप्पा म्हणतात, "कंपुटर आल्यावर अक्षर कशाला गिरवायचं?" पण संगणकातली अक्षरेसुद्धा कुणीतरी काढलेली असतात.

र. कृ. जोशी हे मोठे सुलेखनकार होते. त्यांचा जन्म १९३६ साली झाला. ते मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, नंतर पवईच्या आय. आय. टी. मध्ये शिकवू लागले. विंडोज संगणकातली 'मंगल' नावाची देवनागरी अक्षरे त्यांनी तयार केली.

गुरुजींनी ऑफिसात आम्हाला दाखवले. आधी क दाबला, मग पहिली वेलांटी. तर वेलांटी टुणकन क च्या अलीकडे जाऊन बसली! जोडाक्षरे फार अवघड. तरी आपल्या कऱ्हाडचा ऱ्हा बरोब्बर आला.

जोशी सर २००८ साली वारले.

आप्पा, हा लेख मी हातानेच लिहिलाय. अक्षरातला क्ष वाकडा आलाय, पण वाचा.