वामकुक्षीचा हिशेब

वामकुक्षी म्हणजे नुसती दुपारची झोप नव्हे. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. जेवण झालं की डाव्या कुशीवर थोडं पडायचं, ही आपल्या पुणे जिल्ह्याची जुनी सवय. (१ ते ४ दुकान बंद ठेवणाऱ्या चितळ्यांनीसुद्धा २०१७ साली ती सुट्टी सोडली, मुळशीतल्या होस्टेलवर मात्र रविवारच्या मेसनंतर ती कडक पाळली जाते!) गंमत म्हणजे ही ‘कूस’ खरोखरच महत्त्वाची आहे. झोपेत घसा मिटून ज्यांचा श्वास अडतो, म्हणजे ज्यांना स्लीप ॲप्निया आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा त्रास उताणं झोपल्यावर वाढतो.

यावरचं मशीन म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिवन यांनी १९८१ साली ही पद्धत मांडली. मास्कमधून हवेचा सतत दाब द्यायचा आणि घसा मिटू द्यायचा नाही, एवढीच कल्पना. दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका. आज कुणाच्या वडिलांकडे, कुणा सरांकडे हे मशीन असतं. सकाळी पडद्यावर एएचआय नावाचा आकडा येतो. तासाला किती वेळा श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला अथवा उथळ झाला, तो हा आकडा. ५ च्या आत असला की माणूस निर्धास्त. दुपारी झोपणाऱ्यांचा घोळ इथेच होतो.

समजा, सरांनी मंगळवारी दुपारी मास्क लावून ४५ मिनिटं डुलकी काढली आणि ६ अडथळे आले. म्हणजे तासाला ८. रात्री साडेसहा तासांत १३, म्हणजे तासाला २. बुधवारी सकाळी पडद्यावर काय दिसेल? ८ आणि २ ची सरासरी ५, असं पटकन म्हणाल. चूक! मशीन एकूण अडथळ्यांना एकूण तासांनी भागतं: १९ भागिले ७.२५, म्हणजे २.६. दुपारचे ८ त्यात विरघळून गेले.

दोन्ही एकत्र का आले? कारण रेसमेडसारख्या मशीनचा ‘दिवस’ दुपारी १२ ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी १२ ला संपतो. दुपारची झोप येणाऱ्या रात्रीच्या खात्यात जाते. आता तेच मशीन भाच्याने लंडनहून आणलेलं असेल आणि घड्याळ तिथल्या हिवाळी वेळेवरच राहिलं असेल, तर आपले दुपारचे २ त्याला सकाळचे साडेआठ वाटतात आणि डुलकी आदल्या रात्रीला चिकटते. म्हणून आधी घड्याळ बघा.

पण ८ बघून घाबरूही नका. मशीन हवेचा प्रवाह मोजतं, मेंदूच्या लहरी नाही. जागेपणी कूस बदलताना श्वास वेडावाकडा झाला तरी ते अडथळा धरू शकतं. शिवाय रॅम्प ४५ मिनिटांचा लावलेला असेल, तर पूर्ण दाब येईपर्यंत डुलकीच संपते! खरं काय झालं ते कळायला आलेख बघावा लागतो. तो एसडी कार्डावर असतो: सेकंदाला २५ नोंदी, तासाला ९०,०००. ऑस्कर हे मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक सेशन वेगळं दाखवतं. मशीन बंद करून कार्ड काढा, कडेची लॉकची पट्टी सरकवा आणि मगच कॉम्प्युटरला लावा, म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही. परत घालताना लॉक काढायला विसरू नका. कार्ड कॉम्प्युटरमध्येच राहिलं आणि तुम्ही झोपलात, तर मशीनकडे फक्त गोषवारा उरतो, आलेख गेला.

आणि मास्क न लावता घेतलेली डुलकी? तिची नोंदच नाही. श्वास कितीही अडला तरी आकडा छान दिसतो. डॉक्टरांनाही तोच छान आकडा दिसतो. म्हणून एक साधी वही ठेवा: किती ते किती झोपलो, कुठल्या कुशीवर, मास्क होता की नाही. दाब मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका, वही आणि कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा.

गेटवरच्या रात्रपाळीच्या काकांकडे असं मशीन असेल, तर त्यांना ही वही जास्तच लागेल. ते सकाळी ८ ला झोपून २ ला उठतात, आणि त्यांची एकच झोप १२ च्या रेषेवर दोन तारखांत वाटली जाऊ शकते.